वॉर्मरसोबत त्याचा प्रोबही मंजूर करा : विदर्भातल्या जिल्हा नियोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती,
विदर्भातील अकराही जिल्हे.

विषय : नवजात बाळांच्या साहित्याची खरेदी आणि त्यानंतरची तरतूद.

महोदय / महोदया,

येत्या काही महिन्यांत जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा आपल्यासमोर येईल. आरोग्याच्या पानावर नवजात शिशूंच्या साहित्याची एक ओळ असेल. वॉर्मर (बाळाला ऊब देणारी यंत्रं) इतके, फोटोथेरपी युनिट (काविळीच्या बाळासाठीचे निळे लाइट) इतकी, रक्कम इतकी. रस्ते, पूल आणि शाळाखोल्यांवर बैठकीत तास-तास वाद होतो. ही ओळ मात्र एकमताने मंजूर होते, कारण बाळांच्या साहित्याला कोण नाही म्हणणार? मी विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं प्रसूतिकक्षात आणि बाळांच्या कक्षात गेली. आता सेवानिवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे. या वर्षी त्या एका ओळीवर आपण वेळ द्यावा, तिच्यात काय आहे आणि काय राहून गेलं आहे ते खोदून विचारावं, अशी माझी विनंती आहे.

माझं म्हणणं असं आहे, की साहित्य येतं, पण ते चालू ठेवायला जे लागतं ते त्याच्यासोबत येत नाही. आणि ज्या वस्तू स्वस्त, साध्या, रोज हाताशी लागणाऱ्या आहेत, त्या कोणी मागतच नाही.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावतात आणि त्यातली ११ पहिल्या २८ दिवसांतच जातात. देशाचे हेच आकडे २८ आणि २० आहेत. म्हणजे राज्य म्हणून आपण पुष्कळ पुढे आहोत. पण जे नुकसान अजून होतं आहे, त्यातलं दोन तृतीयांश पहिल्या महिन्यात होतं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ, जन्मल्यावर न रडलेलं बाळ आणि जंतुसंसर्ग, ही त्याची मोठी कारणं. थंड पडलेलं बाळ दूध ओढत नाही. दूध गेलं नाही की रक्तातली साखर उतरते, श्वास मंदावतो, आणि जंतूंना वाट मोकळी होते. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या मध्ये ठेवणं हे ऐकायला सोपं वाटतं. रात्रपाळीला एकट्या सिस्टरने ते चार बाळांसाठी सांभाळणं म्हणजे काय, हे मला सांगायचं आहे.

वॉर्मर आपल्यापैकी अनेकांनी लोकार्पणाच्या वेळी पाहिला असेल. वर हीटर, खाली गादी, बाजूला आकडे दाखवणारी पेटी. त्या पेटीतून एक बारीक वायर निघते आणि तिच्या टोकाला नखाएवढा प्रोब असतो. तो बाळाच्या पोटावर, उजव्या बरगडीच्या खाली, चिकटपट्टीने लावायचा. बाळाची त्वचा किती गरम आहे ते प्रोब मशीनला कळवतो आणि त्याप्रमाणे हीटर कमी-जास्त होतो. प्रोब नीट असेल तर मशीन स्वतःच बाळाची काळजी घेतं आणि सिस्टर दुसऱ्या बाळाकडे वळू शकते. तो निसटून गादीवर पडला तर मशीनला वाटतं बाळ थंड आहे, आणि हीटर वाढत जातो.

सगळ्यात आधी मोडतो तो हा प्रोब. वायर मानेशी वाकते, ट्रॉलीच्या चाकाखाली येते, रोजच्या पुसण्याने तिचं आवरण फाटतं. नवा प्रोब त्याच कंपनीचा, त्याच पिनचा लागतो. तालुक्याच्या मेडिकल स्टोअरमध्ये तो मिळत नाही. मागणीपत्र जातं, स्मरणपत्र जातं, मग कळतं की खरेदीत सुटे भाग धरलेलेच नव्हते. तोवर वॉर्मर 'मॅन्युअल'वर चालतो. हीटर किती ठेवायचा ते आपण ठरवायचं आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी काखेत थर्मामीटर लावून बघायचं. दिवसा ते जमतं. रात्री बाजूच्या टेबलावर एखादी बाई कळा देत असते, वॉर्डातून हाक येत असते, गेटवर १०८ ची गाडी येऊन उभी राहते. अशा रात्री मॅन्युअलवरचं बाळ एक तर गार पडतं, नाही तर भाजून निघतं. रजिस्टरमध्ये मात्र त्या रुग्णालयात वॉर्मर आहे, आणि तो चालू आहे. खोटी नोंद कोणी केलेली नाही. 'चालू' आणि 'बाळासाठी सुरक्षित' यांत फरक करणारा रकानाच त्या रजिस्टरमध्ये नाही.

फोटोथेरपीचंही तसंच. काविळीच्या बाळाला ज्या निळ्या लाइटखाली ठेवतात, त्याच्या जुन्या ट्यूब डोळ्यांना निळ्याच दिसतात, पण ठरावीक तासांनंतर त्यांचा उपचारापुरता जोर संपलेला असतो. तो मोजायला फ्लक्समीटर लागतो. मी काम केलेल्या एका ठिकाणी तो कधीच नव्हता. बाळ दोन दिवस लाइटखाली ठेवायचं, कावीळ उतरत नाही म्हणून जिल्ह्याला रेफर करायचं, आणि तिथे एलईडी युनिटखाली ती भराभर उतरायची. आईबापाने मजुरी बुडवून, भाडं भरून, रात्र काढून जे सोसलं, ते एका दिव्याच्या ट्यूबपायी. नवीन युनिट घ्यायची असतील तर एलईडीचीच घ्या आणि निदान तालुक्याला एक मीटर द्या. यावर फार बोलण्यासारखं नाही. हे करून टाकण्यासारखं आहे.

आता बेसिनेट. आमच्याकडे तिला बेबी ट्रॉली म्हणतात. लोखंडी किंवा स्टीलची गाडी, वर पारदर्शक टब, त्यात पातळ गादी, खाली चार चाकं. तिच्यात हीटर नाही, वायर नाही, अलार्म नाही. मोठ्या खरेदीत ती शोभत नाही, म्हणून ती मागे पडते. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणींच्या खाटांइतक्या बेसिनेट असाव्यात. मी पाहिलं ते असं, की दोन-तीन असतात, एकीचं चाक जाम, एकीचा टब तडकलेला. गर्दीच्या दिवसांत एका खाटेवर दोन बाळंतिणी झोपतात. मधल्या वीतभर जागेत दोन बाळं. झोपेत आई वळली तर बाळ दबण्याची भीती, कडेला ठेवलं तर पडण्याची भीती. सिझेरियन झालेल्या बाईला तर उठून वाकताही येत नाही. तिच्या हाताच्या उंचीवर, खाटेला लागून बाळ असलं तर ती स्वतः त्याला छातीशी घेऊ शकते. निरोगी बाळाची जागा आईजवळच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये बाळस्नेही रुग्णालयाची मोहीम सुरू केली तेव्हापासून आई आणि बाळ चोवीस तास एकत्र, हा तिचा एक मुख्य नियम आहे. बेसिनेट त्या नियमाला मदत करते. ती नसली की काय होतं? जागा नाही म्हणून चांगली, धडधाकट बाळं वॉर्मरवर नेऊन ठेवली जातात. मग खरंच वॉर्मर लागणारं बाळ येतं तेव्हा एका गादीवर दोन बाळं झोपवावी लागतात, आणि एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला जातो. स्वस्त पाळणा नव्हता, त्याची किंमत महागड्या कक्षात अशी चुकवली जाते.

त्या टबविषयीही थोडं सांगते, कारण खरेदी समितीत हे कोणी सांगत नाही. स्वस्त टब ॲक्रिलिकचे असतात. त्यांना स्पिरिट चालत नाही. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची सवय. पुसता पुसता टबावर केसासारख्या बारीक चिरा पडतात, मग तो पांढुरका दिसू लागतो आणि एक दिवस कोपऱ्यातून तडकतो. त्या चिरांत घाण बसते आणि जंतू राहतात. साबणाच्या पाण्याने धुवा, कंपनीने सांगितलेलंच जंतुनाशक वापरा, एवढी एक ओळ मराठीत छापून टबाला चिकटवली असती तर कितीतरी टब वाचले असते. गादीला रेक्झिनचं अखंड, धुता येणारं कव्हर हवं; शिवण उसवली की आतला फोम ओला राहतो. चाकांना ब्रेक हवेत. चाकांत केस आणि दोरे अडकतात, ते महिन्याला काढायला कोणाला तरी नेमून द्यायला हवं. निविदेच्या अटींत या चार गोष्टी लिहिल्या तर खर्च फारसा वाढत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला बाहेरून दिसणार नाही. साहित्य आलं की ते डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढतं आणि इन्चार्ज सिस्टरच्या नावावर लागतं. बदली झाली की मोजून द्यावं लागतं. मोडलं, हरवलं, तर वसुलीची भीती. म्हणून कितीतरी ठिकाणी नव्या बेसिनेट प्लास्टिकच्या वेष्टनासकट स्टोअरमध्ये कुलुपात असतात आणि वॉर्डात जुन्याच फिरतात. उलट, जे कायमचं बंद पडलं आहे त्याचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून काढून विल्हेवाट लावणं, होत नाही, म्हणून मेलेले वॉर्मर जिवंत वॉर्मरची जागा अडवून उभे राहतात. बाळांच्या कक्षात जागा किती असते हे आपण एकदा आत जाऊन बघावं. वापरताना होणारी झीज आणि निष्काळजीपणा यांत फरक करणारा स्पष्ट आदेश जिल्हा पातळीवर निघाला, आणि निर्लेखन समिती वर्षातून दोनदा तरी बसली, तर नवीन पैसा न घालता अर्धी अडचण सुटेल. सिस्टरला वस्तूची भीती वाटू लागली की ती वस्तू बाळापर्यंत पोचत नाही.

विदर्भाच्या हवेविषयी लिहायलाच हवं, कारण मार्गदर्शक सूचना दिल्लीत लिहिल्या जातात आणि बाळ जन्मतं ब्रह्मपुरीला, मेमध्ये, दुपारी तीनला. पारा ४५ च्या वर. प्रसूतिकक्षाच्या खिडकीत कूलर घरघरत असतो, कारण तो बंद केला तर कळा देणारी बाई आणि सिस्टर दोघी घामाने बेजार होतात. बाळ जन्मतं ते ओलंचिंब. अंगावरचं पाणी उडताना ऊब घेऊन जातं, त्यात कूलरचा झोत थेट अंगावर. बाहेर आग ओकणारा उन्हाळा आणि आत बाळाचे तळवे गार, हे मी कित्येकदा हाताला अनुभवलं आहे. नवीन डॉक्टरांना ते खरं वाटत नाही. उन्हाळ्यात बाळ थंड कसं पडेल, असं ते विचारतात. मग तेच बाळ वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या वॉर्डात जातं. तिथे कूलरमध्ये पाणी नाही, आईला अजून दूध उतरलेलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत बाळाला ताप चढतो. हा ताप उन्हाचा की संसर्गाचा, हे ठरवताना नको ती अँटिबायोटिक्स सुरू होतात. डिसेंबरात गोंदियाला पारा सात-आठवर उतरतो तेव्हा उलटी गंमत नाही, उलटा धोका असतो. खिडक्यांच्या काचा फुटलेल्या आणि हीटर एकच.

प्रसूतिकक्षाचं तापमान २५ ते २८ अंश असावं, असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही हे कळायला भिंतीवर थर्मामीटर तर हवा. प्रत्येक प्रसूतिकक्षात आणि बाळंतिणींच्या वॉर्डात एकेक लावायला संपूर्ण जिल्ह्याचा खर्च एका वॉर्मरच्या किमतीपुढे काहीच नाही. वॉर्मर कूलरच्या आणि पंख्याच्या झोतात नसावा, यासाठी तो बसवताना प्लगची सोय बघून जागा ठरवू नये. जागा ठरवून तिथे प्लग न्यावा. वॉर्डाच्या छतावर उष्णता परावर्तित करणारा रंग, दारांना पडदे, आणि जिथे शक्य आहे तिथे प्रसूतिकक्षात २६ अंशांवर लावलेला एसी. हे बांधकाम विभागाचं काम आहे म्हणून आरोग्याच्या ओळीत येत नाही, आणि बांधकामाच्या ओळीत बाळ येत नाही. दोन्ही ओळी ज्या टेबलावर येतात ते टेबल आपलं आहे.

विजेचंही आपणच बघू शकता. एक वॉर्मर काही शे वॉट खेचतो. रुग्णालयातला साधा इन्व्हर्टर दिवे आणि पंखे सांभाळतो. वॉर्मर त्याच्यावर टाकला की थोड्याच वेळात सगळंच अंधारात. जनरेटर असतो, डिझेल असतं असं नाही, आणि रात्री तो सुरू करणारा माणूस असतो असंही नाही. उन्हाळ्यात व्होल्टेज इतकं खाली-वर होतं की मशीनचं सर्किट बोर्डच जातं, आणि स्टॅबिलायझर खरेदीत नसतो. जुन्या वायरिंगवर एका सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड लावून दोन-दोन यंत्रं चालवली जातात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली, ७ बाळांना बाहेर काढता आलं. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. ऑडिटमध्ये दाखवलेल्या त्रुटी दूर करायला किती रुग्णालयांना पैसे मिळाले, याची आपल्या जिल्ह्यापुरती यादी आपण मागवा. त्या यादीशिवाय नवीन वॉर्मरला मंजुरी देऊ नका. हे मी फार विचार करून लिहिते आहे. जुन्या तारांवर आणखी एक हीटर टाकणं म्हणजे मदत करणं नव्हे.

दुरुस्तीची व्यवस्था कागदावर आहे. २०१५ पासून केंद्राचा जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आहे, उपकरणांवर बारकोड आहेत, तक्रार नोंदवायला फोन आहे. जिल्हा रुग्णालयात उपकरणं ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयात ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ चालू असावीत, असं त्यात ठरलेलं आहे. ८० टक्के म्हणजे पाच दिवसांतला एक दिवस यंत्र बंद असलं तरी चालतं. लहान गावातल्या केंद्रात वॉर्मर एकच असतो. त्या पाचव्या दिवशी जन्मलेल्या बाळाला दुसरं यंत्र नसतं. जिथे एकच यंत्र आहे तिथे जास्त सवलत आणि जिथे बारा आहेत तिथे कमी, हे मला कधीच पटलं नाही. हा निकष बदलणं आपल्या हातात नसेल. पण जिल्ह्यात दोन-तीन जादा वॉर्मर राखीव ठेवणं, आणि बंद पडलेलं यंत्र उचलताना बदली यंत्र ठेवूनच जाणं, ही अट आपण घालू शकता.

आणि आता जे यंत्रावाचून होतं त्याविषयी, कारण माझा सर्वाधिक जीव त्यातच आहे.

१९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियाच्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे होते, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच कांगारू मदर केअर. आपल्याकडे ती बरीच वर्षं 'बाळ स्थिर झाल्यावर' द्यायची गोष्ट मानली गेली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या आतल्या ३,२११ बाळांपैकी ज्यांना जन्मल्याबरोबर, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवलं, त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फायदा इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीच शिफारस केली.

तेव्हा प्रश्न असा, की आईला त्या कक्षात बसायला जागा आहे का? आमच्याकडे बाळ आत आणि आई बाहेर, व्हरांड्यात सतरंजीवर. टाके ओले, पाय सुजलेले. दर दोन तासांनी दूध काढून वाटीत द्यायचं आणि पुन्हा बाहेर. एकदा एका आजीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सिस्टर, लेकराले काचंत ठेवलं म्हंजे ते वाचत नाई ना वो?" तिच्या गावातलं काचेत गेलेलं आधीचं बाळ परत आलं नव्हतं. तिच्या सुनेला मी आत घेतलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, बाळाला टोपी-मोजे घालून तिच्या छातीशी ठेवलं आणि लुगड्याच्या पट्ट्याने बांधलं. आजी दारातून बघत होती. म्हणाली, "कोंबडी पिल्लायले पखाखाली घेते तसंच व्हय हे." मला कुठल्याही प्रशिक्षणात इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

पण प्लास्टिकच्या सरळ खुर्चीवर सिझेरियनची बाई अर्ध्या तासावर बसू शकत नाही, आणि कांगारू केअर दिवसाला आठ तासांपासून पुढे, जमेल तितकी जास्त द्यायची असते. म्हणून मागे रेलता येणारी खुर्ची, आईसाठी खाट, पडदा, पुढून उघडणारे गाऊन, बाळ बांधायचे पट्टे, तिथेच संडास-बाथरूम, आणि दोन वेळचं जेवण. आईच्या जागी आजीला किंवा बापालाही बसू द्यावं. हे सगळं मिळून एका चांगल्या यंत्रापेक्षा स्वस्त पडेल, आणि वीज गेली तरी ते बंद पडणार नाही.

रेफर केलेल्या बाळाचा प्रवास हा तर वेगळ्या पत्राचा विषय आहे. धारणीहून अमरावतीचं डफरीन रुग्णालय दीडशे किलोमीटरच्या आसपास, तेही घाटातून. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या घरात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. अशा प्रवासात बाळ बहुतेक वेळा दुपट्यात गुंडाळून मावशीच्या मांडीवर असतं आणि आई मागेच राहिलेली असते. सोबत जाणाऱ्या बाईच्या छातीशी ते बांधून दिलं तर वाटेत गार पडत नाही. त्यासाठी पट्टा, टोपी आणि निघण्याआधीची दहा मिनिटांची शिकवण लागते, आणि पुढच्या कक्षाला आधी केलेला एक फोन. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आजारी नवजात बाळाची ने-आण मोफत आहे. न्यायला गाडी मिळते. परतीला मिळत नाही, अशी तक्रार मी सतत ऐकली. परतीच्या गाडीची नोंदही तपासा.

घरी गेलेल्या बाळाकडे आशाताई जाते : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ही पद्धत विदर्भातच उभी राहिली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी नवजात बाळांची काळजी घेतली. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं, आणि २०११ पासून हा कार्यक्रम देशभर गेला. ज्या आशाताईच्या भरवशावर तो चालतो, तिच्या पिशवीतल्या थर्मामीटरचा सेल संपला तर तो बदलायला कोणत्याच शीर्षात पैसे नसतात. वजनकाट्याची झोळी फाटली तर ती स्वतः शिवते. सेल, झोळ्या, दुपटी यांसाठी तालुक्याला छोटी रक्कम ठेवा आणि तिच्यासाठी बिलांचे पाच-पाच कागद मागू नका.

पैसा कुठून, असा प्रश्न बैठकीत येईल. चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली, नागपूर या जिल्ह्यांत खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणींकडून जिल्ह्यासाठी जमा होणारा, निधी आहे आणि त्याच्या प्राधान्यक्रमात आरोग्य आहेच. जिथे हा निधी नाही किंवा पुरत नाही, तिथे वार्षिक योजनेतूनच काढावा लागेल. दहा वॉर्मरऐवजी सात घ्या आणि उरलेल्या पैशात त्या सातांचे प्रत्येकी तीन जादा प्रोब, स्टॅबिलायझर, स्वतंत्र वायरिंग आणि पाच वर्षांची देखभाल बसवा. सात चांगले चालले तर दहा बंद यंत्रांपेक्षा जास्त बाळं वाचतील. आणि ही खरेदी मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात नको. मार्चएंडला आलेलं साहित्य कोणी तपासून घेत नाही, सिस्टरना दाखवून कोणी देत नाही; डिलिव्हरी चलानवर सही होते आणि खोकी स्टोअरमध्ये जातात. तपासणी समितीत रोज ते यंत्र हाताळणारी एक अधिपरिचारिका घ्या. तिची सही झाल्याशिवाय बिल निघू नये.

माणसांचाही विचार करा. आजारी बाळांच्या कक्षात तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी, असं शासनाचंच मार्गदर्शन आहे. कंत्राटी मुलींवर हे कक्ष चालले आहेत. शिकवून तयार झालेली मुलगी पगार थकला म्हणून निघून जाते आणि तिच्याबरोबर पाच वर्षांचा हात जातो. पदं मंजूर करणं आपल्या अखत्यारीत नसलं तरी हा ठराव आपल्या समितीकडून वर जाऊ शकतो.

शेवटी एक ठोस मागणी करते. पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्ताचा अनुपालन अहवाल येईल, त्यात एक तक्ता मागवा : गेल्या पाच वर्षांत नवजात बाळांसाठी घेतलेलं प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक बेसिनेट आज कोणत्या रुग्णालयात आहे, वॉर्डात आहे की स्टोअरमध्ये, वॉर्मर प्रोबवर चालतो की मॅन्युअलवर, शेवटची दुरुस्ती कधी झाली, आणि तक्रारीपासून दुरुस्तीपर्यंत किती दिवस गेले. तक्ता रुग्णालयनिहाय असावा आणि त्यावर त्या कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरची सही असावी. तो हाती आल्यावर मगच नव्या खरेदीची ओळ मंजुरीला घ्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त अधिपरिचारिका,
यवतमाळ जिल्हा